ब्रह्मपुरीच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी, भर उन्हात मी आणि माझी दहा वर्षांची लेक ब्रह्मपुरीची टेकडी, जुन्या वस्तीचे थर पोटात असलेली, शोधत होतो. तिघांना विचारलं, तिघांनी लांबूनच हात दाखवला. तुम्ही मात्र दुकान मुलावर सोडून उठलात. "कुठनं आलासा? चला, दावतो की."

खरं सांगते, टेकडी पाहून मी हिरमुसलेच होते. घरं, दोरीवरचे कपडे... १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं ते हेच का? तुम्ही एका धुपलेल्या कडेपाशी उकिडवे बसलात आणि मातीवरून बोट खाली खाली नेलंत. राखाडी पट्टा, विटांचा चुरा, मग खापऱ्या. "कुठला पट्टा कुणाचा ते खणणाऱ्यांस्नी ठाऊक. पण वर बहामनी, खाली सातवाहन, एवढं ध्यानात ठेवा." जितकं खाली तितकं जुनं, हे वाचलेलं सगळं त्या बोटामागे जागेवर बसलं.

तेवढ्यात लेकीनं अर्धी रुतलेली एक खापरी नखानं उकरायला घेतली. आतल्या बाजूला गोल रेघा, चाक फिरताना कुंभाराच्या बोटांनी उमटलेल्या. तुम्ही तिला रागावला नाहीत. "बाळ, मातीत हाय तवर ती बोलती. खिशात गेली की नुसतं खापर." तिनं रेघांवरून एकदा बोट फिरवलं आणि अंगठ्यानं माती परत दाबून बसवली. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, काका. त्या एका वाक्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

मग बिलाच्या पाठीमागे टाऊन हॉल म्युझियमचा रस्ता काढून दिलात. तिथं पोसायडन पाहिला, ब्रह्मपुरीतच सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव. कांस्याचा, वीतभरही उंच नाही, हात उगारलेला, त्यातला त्रिशूळ गेलेला. रोमशी चाललेल्या व्यापाराबरोबर घाट चढून तो इथं पोचला असणार. लेक बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग विचारलंन, "आई, हा कुठल्या पट्ट्यात होता?" सातवाहनांच्या, म्हटलं. हा प्रश्न तिला तुम्ही दिलात.

दिवाळीनंतर पुन्हा येतोय. तिनं तुमच्यासाठी टेकडीचं चित्र काढलंय, सगळे पट्टे रंगवून. सर्वांत वरच्या पट्ट्यावर तुमचं दुकान आहे.