धर्मादायाचा रकाना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या जन्मशताब्दीच्या पुस्तकाचा मसुदा वाचला. भाषा चांगली उतरली आहे, उद्यमनगरच्या कारखान्याचा भाग तर मला फार आवडला. पण दुसऱ्याच पानावर ‘शून्यातून विश्व उभं केलं’ असं लिहिलं आहेस, ते काढ. आपलं घर शून्यातून उभं राहिलं नाही. ते बोर्डिंगच्या पंगतीतून उभं राहिलं.

तुझे पणजोबा, थोरले आण्णा, पन्हाळ्यापलीकडच्या खेड्यातून शिकायला कोल्हापुरात आले. शहरात खोली घेऊन राहण्याची ऐपत नव्हती. खेड्यातली मुलं शिकायची तर आधी त्यांच्या राहण्या-जेवणाचं बघायला हवं, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. दरबारातून जागा मिळाली, वर्षाला अनुदान मिळालं. दरबाराचा पैसा म्हणजे रयतेचा सारा. म्हणजे आण्णांच्या ताटातली भाकरी कुणा अनोळखी शेतकऱ्यानं वाढलेली होती. हे आण्णा स्वतः बोलून दाखवत, असं आप्पा सांगायचे.

आण्णांचं मोडी अक्षर वळणदार, हिशेब चोख. शाहूपुरीत एका गूळ अडतीवर, म्हणजे दलालीच्या दुकानात, ते दिवाणजी म्हणून लागले. महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ही पेठ. रेल्वे त्याआधीच, १८९१ ला आली होती, त्यामुळे कोल्हापूरचा गूळ लांब जाऊ लागला होता. काही वर्षांनी आण्णांनी स्वतःची अडत काढली.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या मसुद्यात ‘आण्णांनी दानधर्माची परंपरा सुरू केली’ एवढं एकच वाक्य आहे. ती परंपरा चालायची कशी, ते मी लग्नानंतर जुन्या हिशेबाच्या पट्ट्या लावताना पाहिलं. शेतकरी गाडीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणायचा. सौदा झाला की त्याच्या हातात पट्टी पडायची. वर एकूण रक्कम, खाली वजावट: अडत, हमाली, तोलाई, आणि शेवटी ‘धर्मादाय’. बऱ्याच बाजारपेठांत तेव्हा ही रीत होती. रक्कम किरकोळ, पण ती कापताना शेतकऱ्याला कुणी विचारत नसे. त्या पैशातून पाणपोई चालली, बोर्डिंगच्या मुलांना धान्य गेलं. लोकांनी नाव घेतलं ते आण्णांचं. ज्यानं रात्रभर गुऱ्हाळावर जागून काहिलीतला रस आटवला, त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

आण्णांना मी कमी लेखत नाही. त्यांनी त्यातली पै घरात वापरली नाही, वही स्वच्छ आहे. पण दाता कोण, हे वहीत लिहिलेलं असताना आपण पुस्तकात ते वगळणं मला पटत नाही.

आप्पांचं खरं मोठेपण मला इथं दिसतं. कारभार हातात आल्यावर त्यांनी पट्टीतला तो रकाना बंद केला आणि मुलांचं धान्य दुकानाच्या नफ्यातून द्यायला सुरुवात केली. पुढं गुळावरचं लक्ष कमी करून ते उद्यमनगरात ओतकामाकडं वळले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी तिथं यंत्रांची हवा तयार केली होती. आपली भट्टी लहान, इंजिनाचे सुटे भाग ओतायची. ते सगळं तू छान लिहिलंस, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच घाल, की देणगीच्या पावतीवर आप्पा ‘कारखान्यातील सर्वांतर्फे’ असं लिहायला लावत, आणि शाळेच्या खोलीवर स्वतःच्या नावाची फरशी बसवू दिली नाही. भट्टीपुढं उभं राहणाऱ्या मोल्डरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या कामगाराच्या, अंगाची लाही व्हायची, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

मुलींच्या फीचं काम मात्र आजींचं. आप्पांच्या नावावर टाकू नकोस. कुणाची मुलगी कुठल्या वर्षाला आहे, कुणाचा बाप आजारी आहे, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

आपला ट्रस्ट पुढं तुझ्याकडं येणार आहे. म्हणून या गोष्टी तुला आत्ताच माहीत असाव्यात असं मला वाटतं. देणं बंद करू नकोस, हात आखडू नकोस. पण कारखान्यात पगार थकलेला असताना बाहेर देणगी जाहीर होता कामा नये. आप्पांनी हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

माळ्यावरच्या पेटीत आण्णांच्या दोन मोडी वह्या आहेत. मला त्यातलं सगळं लागत नाही. येशील तेव्हा पुराभिलेखागारात मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवून धर्मादायाची पानं नीट वाचून घे. त्यातलं एक पान पुस्तकात छायाचित्र म्हणून दे, शेजारी देवनागरीत मजकूर. पट्टीवर गावांची आणि शेतकऱ्यांची नावं आहेत. त्यांच्या घरचं कुणी भेटलं तर आधी विचार, मगच छाप.

सुधारलेला मसुदा मला पाठव. तब्येतीला जप.

तुझी,
आई