पावसाळ्याआधी फोर बाय फोरवाल्यांची यादी करा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

मी मूळचा लातूरकडचा, 2018 ला नोकरीसाठी साताऱ्यात आलो. एमआयडीसीतलं काम आणि भाड्याची खोली सोडली तर दोन वर्षं इथं माझी कुणाशी धड ओळख नव्हती. मग जुनी जिप्सी घेतली, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी फोर बाय फोर गाडी, आणि चाळकेवाडीच्या वाटेवर एका रविवारी ती चिखलात अशी रुतली की दोन तास हलेना, तेव्हा मागून आलेल्या एका थारवाल्यानं स्ट्रॅप लावून ओढून काढली आणि वर म्हणाला, "पुढच्या रविवारी या लातूरकर, एकटं फिरू नका." तो गॅरेजवाला. त्याच्यामुळं कोरेगावचे एक शेतकरी, एक डॉक्टर, एक गुरुजी अशी माणसं भेटली आणि हे गाव माझं झालं.

आधी नुसतं फिरणंच होतं. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. कितीतरी वाड्यांचे रस्ते तुटले. गुरुजींच्या ओळखीतून एका वाडीचा निरोप आला की एका आजोबांचं डायलिसिस चुकलंय आणि ॲम्ब्युलन्स वर येऊ शकत नाही. तीन गाड्या काढल्या, ताडपत्र्या, तांदूळ, डाळ, मेणबत्त्या भरल्या. टायरची हवा 32 वरून 18 वर आणली, कारण हवा कमी केली की टायर पसरतो आणि चिखल धरतो, आणि लो गियरमध्ये पायी चालल्यासारखं वर गेलो. एका ठिकाणी रस्ता अर्धा खचलेला, तिथं डॉक्टर स्वतः उतरून पुढं चालत होते आणि हातानं दाखवत होते, डावं चाक दगडावर, उजवं आत. आजोबांना कराडला पोचवलं. निघताना आजी म्हणाल्या, "च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय." घरात पाणी शिरलेलं, चूल ओली, तरी कुठूनतरी चहा झाला. तो चहा मी विसरलेलो नाही.

पण जाताना आम्हाला खाली बॅरिकेडवर दोन तास थांबवलं होतं. तुम्ही कोण, कुणी बोलावलं, पत्र आहे का? काहीच नव्हतं. अडवणाऱ्याचा राग मला तेव्हा आला, आज येत नाही, कारण त्याच दिवशी नुसते व्हिडिओ काढायला आलेल्या गाड्याही तिथं होत्या, आणि अशी एक गाडी रुतली की तिला काढायला पुन्हा माणसं अडकतात. पण त्या आजोबांचे ते दोन तास फुकट गेले हेही खरंच आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक तहसील कार्यालयानं तालुक्यातल्या फोर बाय फोर गाड्यांची यादी करावी. गाडी कुठली, विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढायचं यंत्र) आहे का, चालवणारा किती वर्षं डोंगरात चालवतो, मोबाईल नंबर. ओळखपत्र द्यावं, एकदा सराव घ्यावा, आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या आपदा मित्र योजनेतलं प्रशिक्षण आम्हालाही द्यावं, आणि बोलावल्याशिवाय कुणी वर जायचं नाही असं लिहून घ्यावं. आम्ही सही करायला तयार आहोत. वाहत्या पाण्यात मात्र कुठलीच गाडी घालू नये, दोन फूट पाणी थारलाही उचलतं, तिथं बोटवाल्यांचंच काम.

गाडीवाल्या मित्रांनाही एक सांगतो. कासच्या पठारावर आणि सगळ्याच सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, कातळावर मातीचा थर जेमतेम असतो, त्यावरून टायर गेला की तिथली फुलं मेली. 2012 ला पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला जागतिक वारसा म्हटलं गेलं ते तिथल्या जैवविविधतेमुळं. आमच्या ग्रुपमध्ये सड्यावर गाडी घालणाऱ्याला परत बोलवत नाहीत.

आता आम्ही उन्हाळ्यात, रस्ता चालू असतो तेव्हा, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडं कांदाटी खोऱ्यात डॉक्टरांना घेऊन जातो. तपासणी, चष्मे, बीपीच्या गोळ्या. तापोळ्याच्या लाँचवर अवलंबून असलेली माणसं आहेत ती, पावसात त्यांचं काय होत असेल ते तिथं गेल्यावर कळतं. आमच्या सहा गाड्या आहेत, सर्व्हिसिंग करून ठेवल्यात. नावं कुठं नोंदवायची तेवढं प्रशासनानं सांगावं.

आपला,
एक वाचक, सातारा