गाण्यावर पोट भरण्याविषयी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पदवी झाल्यावर गाण्यावरच पोट भरायचे असे मुक्ताने ठरवले आहे आणि त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे, म्हणून रागांतल्या रचना, म्हणजे बंदिशी, बांधणाऱ्या आणि गाणे शिकवणाऱ्या माणसाचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात ते मोकळेपणाने लिही, असे तू म्हणतोस. तिने काय करावे हे मी सांगणार नाही. माझे कसे चालते तेवढे लिहितो.

आधी पैशांचे, कारण वहिनींना तेच जाणून घ्यायचे असणार. घर चालते ते शिकवणीवर. बंदिशींच्या जिवावर आजवर घरात वाणसामानही आलेले नाही. पहाटे अमेरिकेतले विद्यार्थी स्क्रीनवर येतात, तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळ असते. आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्यामुळे त्यांच्याबरोबर एकत्र गाता येत नाही, तबल्याशी संगत तर दूरच. मी म्हणायचे, थांबायचे, त्यांनी म्हणायचे, असाच तो तास जातो. संध्याकाळी पेठेतली आणि कोथरूडकडची मुले येतात, त्यातली बरीचशी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची, प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची. परीक्षांच्या नावाने नाके मुरडण्याची आपल्या गाणाऱ्यांत पद्धत आहे. मी मुरडत नाही, कारण परीक्षा नसती तर यांतल्या निम्म्या मुलांनी तीनतालाबाहेर पाऊल टाकले नसते आणि झपताल किंवा रूपक हातावर धरायचे कष्टही घेतले नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शिकवणे पोटासाठी आणि रचना मनासाठी, अशी वाटणी लोक करतात, आणि मुक्ताच्याही मनात तीच दिसते. माझ्यापुरती ती खरी नाही. माझ्या ज्या बंदिशी बऱ्या म्हणता येतील त्यांतल्या बहुतेक कोणाच्या तरी गळ्यातली अडचण सोडवताना झालेल्या आहेत. निवांत बसून, सुचण्याची वाट पाहत केलेल्या फारशा टिकल्या नाहीत.

एक उदाहरण देतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच लागतात, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. फरक आहे तो मुक्कामाचा, म्हणजे कोणत्या स्वरावर थांबायचे त्याचा. मारवा रिषभ-धैवतावर राहतो, पूरिया गंधार-निषादावर, आणि सोहनी वरच्या अंगाने चालते. माझ्याकडे एक मुलगी पूरिया शिकत होती. गळा तयार, पण आलाप करताना ती रिषभावर रेंगाळायची आणि बघता बघता पूरियाचा मारवा व्हायचा. तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावून दिली, तोंडाने वारंवार सांगितले, उपयोग झाला नाही. तेव्हा मध्यलयीत, सोळा मात्रांच्या तीनतालात एक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, बांधला: ‘दिन ढर गयो अब, सांझ भई’. तो नवव्या मात्रेपासून, म्हणजे जिथे टाळी न देता हात बाजूला दाखवतात त्या खालीपासून उठतो. आठ मात्रांत आठ अक्षरे येतात आणि ‘सां’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, गंधारात पडतो. त्याआधीच्या ‘अब’ या दोन अक्षरांवर मंद्र निषाद आणि कोमल रिषभ ठेवले आहेत. ‘ब’ हे ऱ्हस्व अक्षर, वाट्याला एकच मात्रा, आणि लगेच पुढे सम. तिथे रिषभावर थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. अंतऱ्यातही, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागातही, रिषभ केवळ येता-जाता लागेल अशीच अक्षरे वेचली. काही आठवडे तिने दुसरे काही न गाता हीच बंदिश घोळवली, आणि पुढे आलापात रिषभावरचा तिचा पाय न सांगताच सुटला. ‘सां’वरच्या अनुस्वाराने आवाज नाकात जातो, अशी तक्रार आमच्या तबलजींनी केली आहे, मी ती अजून मनावर घेतलेली नाही.

यात मी नवीन काही केले आहे असे समजू नकोस. संगीतशास्त्राचे पंडित भातखंड्यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली, त्यांच्या शब्दांतच रागाचे वादी-संवादी (सर्वांत महत्त्वाचा आणि त्याखालोखालचा) आणि वर्ज्य स्वर सांगितलेले असतात. कविता म्हणून ती रुक्ष आहेत हे कबूल, पण एकदा गळ्यावर चढली की राग विसरता येत नाही. आणि आपल्या पुण्यात भास्करबुवा बखले होऊन गेले. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली, १९११ साली इथे भारत गायन समाज काढला, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाला त्यांनीच चाली दिल्या. ‘नाथ हा माझा’मध्ये यमन किती सहज उलगडत जातो ते ऐक, शिकवण्याची सवय असलेल्या माणसाखेरीज ती चाल कोणाला सुचली नसती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नावाचे म्हणशील, तर ते फारसे मिळत नाही. जुने रचनाकार अंतऱ्यात आपली मुद्रा, म्हणजे टोपणनाव, गुंफत; नियामत खाँ ‘सदारंग’ घालत, फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’. मी मुद्रा घालत नाही, कारण तेवढ्या मात्रांत रागाची एखादी जागा बसते. त्याचा परिणामही भोगतो. मागे एका मैफलीत एका गायिकेने माझी बंदिश ‘पारंपरिक’ म्हणून गायली, तेव्हा मी समोरच बसलो होतो. रागावलो हे खरे. पण तिने मुखड्याची उठावणी बदलून सातव्या मात्रेवर नेली होती आणि ती माझ्या मूळच्या उठावणीपेक्षा सरस होती, याचा राग अधिक आला. आता मीही ती तशीच शिकवतो.

कंटाळाही येतो, हेही मुक्ताला सांग. भूपाची तीच सरगम वर्षानुवर्षे नव्या नव्या मुलांना सांगायची, वहीचे मोबाइलवर फोटो काढून स्वरलिपीवरून बंदिश पाठ करणाऱ्यांना थांबवायचे, कारण कागदावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, उतरत नाही, आणि रात्री स्वतःचा रियाज उरलेल्या आवाजावर करायचा. ज्याला हे नको असेल त्याने दुसरी नोकरी करून गाणे सांभाळावे. त्यात कमीपणा नाही आणि तसे करणारे चांगले गवई मला ठाऊक आहेत.

तिला डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या निमित्ताने इकडे पाठव, पण महोत्सवाच्या चार दिवस आधी. तेवढे दिवस तिने माझ्या वर्गांत बसावे, लहान मुलांची एक तुकडी स्वतः घेऊन पाहावी, आणि एका सकाळी विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात चक्कर टाकून यावी. राहण्याची सोय आमच्याकडेच आहे, हिने माडीवरची खोली रिकामी केली आहे. फक्त तिची पट्टी काळी चार आहे की काळी पाच, ते आधी कळव, म्हणजे तानपुऱ्याच्या तारा त्या बेताने बदलून घेतो.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर