ढोलीचा पत्ता छापायची काय गरज होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहाटे सायकलवरून शहरातले पशुपक्षी शोधण्याबद्दलचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. पाषाण तलाव, वेताळ टेकडीवरचे मोर, कवडीपाटचे चक्रवाक, सगळे ठीक. ही ठिकाणे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. पण प्रभात रस्त्याच्या कुठल्या गल्लीत, कुठल्या बंगल्यासमोर, कुठल्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी बसते, हे खुणेसकट छापायची आपल्याला काय गरज होती? वर नकाशाचा क्यूआर कोड! पक्षी आहे की मिसळीचे हॉटेल?

काही वर्षांपूर्वी आमच्या एरंडवण्यात एका जुन्या आंब्यावर अशीच जोडी होती. बुंध्याशी पांढरे शिंतोडे आणि भुंग्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे पडलेले असत. उजाडताना दोघे ढोलीच्या तोंडाशी चिकटून बसायचे आणि सायकल थांबली की मान खालीवर करत मलाच निरखायचे. फेब्रुवारीअखेर आत पिल्ले झाली. एका सद्गृहस्थांनी फोटो आणि लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. झाले! पुढच्या रविवारी झाडाखाली ही गर्दी. हातभर लांबीच्या लेन्सा, थर्मास, पोह्यांचे डबे. एकाने मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला असे वाटून नर बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर चिरकत नाचू लागला. तेवढ्याने भागेना म्हणून कोणीतरी ढोलीच्या दिशेने खडा मारला, ‘जरा इकडे बघेल’ म्हणून. हटकले तर उत्तर आले, ‘काका, झाड तुमचं आहे का?’ पंधरवड्यात ढोली रिकामी झाली. पिल्लांचे काय झाले, देव जाणे.

आणि आपण मुहूर्त तरी काय साधलात! दिवाळी तोंडावर आली आहे. अमावास्येच्या पूजेसाठी, गुप्तधनाच्या नादात घुबडे पकडली जातात, ही बातमी आपल्याच अंकात वाचलेली आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पकडणाऱ्याला अडचण होती ती फक्त पत्त्याची, ती आपण दूर केलीत.

पुणेकर प्राणिप्रेमी आहेत, असे लेखात म्हटले आहे. असतील बुवा. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडमध्ये शिरलेल्या गव्यामागे हेच प्रेमी मोबाइल घेऊन धावले होते. संध्याकाळपर्यंत गवा मेला.

ई-आवृत्तीतून तो कोड आणि गल्लीचे वर्णन आजच्या आज काढावे, ही विनंती. उद्याच्या अंकात खुलासा छापलात तर त्यात पुन्हा पत्ता देऊ नये, एवढे पाहा.

जाता जाता, ‘सायकल ट्रॅकवरून रमतगमत निघावे’ असा सल्लाही लेखकाने दिला आहे. कुठला ट्रॅक? सातारा रस्त्यावर आहे, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या, मध्येच विजेचा डीपी, पुढे हातगाडी. लेखक महाशयांनी स्वारगेटहून पद्मावतीपर्यंत एकदा त्यावरून जाऊन दाखवावे. रमतगमत राहू द्या, न उतरता गेले तरी पुष्कळ.

तसेच छायाचित्राखाली ‘गरुड’ छापले आहे, ती घार आहे. शेपटीची खाच आपल्याच फोटोत स्पष्ट दिसते.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
एरंडवणे, पुणे