‘मेंदूतले बटण’ छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये एक मजकूर हमखास येतो. डोक्याला तारा लावलेली मुलगी, शेजारी लाल-पिवळा रंगवलेला मेंदू, आणि वर मथळा, की कंपन्यांना ग्राहकाच्या मेंदूतले खरेदीचे बटण सापडले! असे बटण कोणालाही सापडलेले नाही. जे सापडले आहे ते बरेच साधे आहे, ग्राहकाच्या जास्त कामाचे आहे, आणि मथळ्यांच्या गोंगाटात नेमके तेच राहून जाते.

या लेखांत फिरून फिरून येणारा एक प्रयोग २००७ चा. मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २६ जणांना एफएमआरआय यंत्रात (रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग जास्त चालतो ते दाखवणारे यंत्र) झोपवून आधी ४ सेकंद वस्तू दाखवली, मग ४ सेकंद किंमत, मग ४ सेकंदांत घेणार की नाही ते विचारले. वस्तू आवडली की न्यूक्लिअस अक्युम्बेन्स हा मेंदूचा भाग जास्त चाले, किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला हा दुसरा भाग. प्रयोग नेटका होता. पण नुसत्या मेंदूच्या नोंदींवरून केलेले भाकीत शंभरात साठच्या आसपास खरे ठरे; छापा-काटा केला तरी पन्नास जमतात. त्याच माणसांना ‘किती आवडली, किती मोजाल’ असे विचारून मिळालेल्या उत्तरांना मेंदूच्या नोंदी जोडल्या, तर भाकीत किंचितच सुधारले. तोंडी दोन प्रश्नांना कोट्यवधींच्या यंत्राची एवढीच भर, ही गोष्ट कुठल्याच मथळ्यात येत नाही.

शिवाय इन्सुला दिसली म्हणजे किंमत बोचली, असे उलटे वाचता येत नाही. वेदना, किळस, चव, छातीतली धडधड, सगळ्यात ती हजर असते. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका लेखात इन्सुलाच्याच आधारे लोक आयफोनवर खरोखर प्रेम करतात असे लिहिले गेले. तेव्हा ४५ मेंदूशास्त्रज्ञांनी संपादकांना पत्र पाठवून कळवले, की मेंदूच्या प्रतिमांच्या सुमारे एक-तृतीयांश अभ्यासांत हा भाग सक्रिय दिसतोच.

बाजार-पाहणीत एफएमआरआय क्वचितच परवडते; तिथे वापरतात तो ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख. त्यात काय बिघडते हे ज्याने डोक्यावर इलेक्ट्रोड बसवले आहेत त्याला विचारावे. मेंदूची लहर कवटीवर येईपर्यंत १० ते ५० मायक्रोव्होल्ट उरते. साधी पापणी लवली तर कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर १०० च्या वर उसळी येते. आपल्याकडे पहिला शत्रू खोबरेल तेल. तेलकट केसांत इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातला विद्युतरोध ५ किलो-ओहमच्या खाली आणायला घाम फुटतो. तो चढा राहिला, की आलेखात भिंतीतल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ शिरतात. म्हणून दवाखान्यात आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता या असे सांगतात. मॉलमध्ये आलेल्या बाईला हे कोण सांगणार? तिथे जेल न लावता कोरडे इलेक्ट्रोड असलेला पट्टा बांधतात, आणि ती ट्रॉली ढकलत चालायला लागली की मानेचे स्नायू आणि हलणारा पट्टा मिळून मेंदूपेक्षा मोठा आवाज करतात.

यातली एक गफलत तर मासलेवाईक आहे. किमतीची चिठ्ठी पाहून माणूस भुवया उंचावतो. कपाळाचा स्नायू ताणला की २० हर्ट्झच्या वर, म्हणजे मेंदूच्या जलद ‘बीटा’ लहरींच्याच पट्ट्यात, आलेख दाट होतो, आणि अहवालात ते ‘बीटा लहरी वाढल्या, ग्राहक उत्तेजित’ म्हणून उतरते. उत्तेजना मेंदूची की भुवईची, हे कच्चा आलेख पाहिल्याशिवाय कळत नाही. रंगीत अहवालाबरोबर कच्चा आलेख सहसा देत नाहीत.

आता जे पक्के आहे ते. नजर. २००८ मध्ये आर्मेल, ब्यूमेल आणि रँगेल यांनी खाण्याच्या दोन वस्तू आलटून पालटून दाखवल्या, एक ९०० मिलिसेकंद आणि दुसरी ३००. जास्त वेळ दिसलेल्या वस्तूची निवड ६ ते ११ टक्क्यांनी वाढली. मात्र वस्तू मुळात नावडती असेल तर परिणाम उलटा : जितकी जास्त पाहावी तितकी नकोशी. २०१० मध्ये क्रायबिख, आर्मेल आणि रँगेल यांनी याचे गणित मांडले. ज्या वस्तूवर नजर आहे तिचे मोल मनात पूर्ण धरले जाते, आणि त्या क्षणी न पाहिलेल्या वस्तूचे सुमारे ३० टक्केच. म्हणून दोन्ही वस्तू सारख्याच आवडीच्या असतील, तर जिच्यावर नजर जास्त रेंगाळली ती टोपलीत जाण्याची शक्यता जास्त.

यंत्राच्या मर्यादा इथेही आहेत. प्रयोगशाळेतला चांगला आय-ट्रॅकर (नजर कुठे आहे ते टिपणारे यंत्र) अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो, म्हणजे ६० सेंटिमीटरवर साधारण अर्धा सेंटिमीटर. चष्म्यावरची चमक आणि पापण्यांचा दाट मस्करा त्याला चकवतो. मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यावरून नजर टिपतो म्हणणाऱ्यांची चूक सहज ४ अंशांची असते. ३० सेंटिमीटरवर ती दोन सेंटिमीटर होते. ७ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर एवढ्या चुकीत माणूस किंमत पाहत होता की शेजारचा फोटो, हे सांगणे कठीण.

दुकानाला मात्र यातले कुठलेच यंत्र लागत नाही. डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा आणि बिलाच्या रांगेजवळची चॉकलेटे हेच काम करतात. यादी हातात असली की नजर यादीमागे धावते. नसली की चकाकेल तिथे जाते. वाण्याच्या गल्ल्यापुढे उभे राहून ‘अर्धा किलो तूरडाळ’ म्हणणाऱ्याला हा ताप कमी होता, इतकेच.

नजर अडवायची जागा पाकिटावरच आहे. वेष्टनबंद मालावर आता एमआरपीबरोबर एकक विक्री किंमत छापावी लागते, एक किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमची. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम बिस्किटे ४८ रुपयांना म्हणजे ग्रॅमला ४८ पैसे. शेजारचा १८० ग्रॅमचा ‘फॅमिली पॅक’ ९० रुपयांना म्हणजे ५० पैसे. मोठा पुडा महाग! पण ‘फॅमिली पॅक’ बोटभर जाड अक्षरांत असतो, आणि ५० पैसे मागच्या बाजूला बॅच नंबरच्या गर्दीत.

ॲपवर तर ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटे धावणारे घड्याळ नजर दुसरीकडे जाऊच देत नाही. खोटी घाई दाखवणे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे, आणि नकळत टोपलीत भर टाकणे ही दुसरी. त्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर करता येते. घड्याळ शून्यावर गेल्यावर पान पुन्हा उघडा. ते नव्याने सुरू झाले, तर दोन्ही वेळांचे स्क्रीनशॉट तक्रारीला पुरतात.

फ्रान्सने २०११ च्या कायद्यात मेंदूच्या प्रतिमा वैद्यकीय, संशोधन आणि न्यायालयीन कामापुरत्याच राखल्या. आपल्याकडे तशी बंदी मागण्याआधी एवढे तरी व्हावे : मेंदूचे रंगीत चित्र छापताना माणसे किती होती, यंत्र कोणते, कच्चा आलेख कोणी पाहिला आणि पैसे कोणी दिले, हे चित्राखालीच द्यावे. आणि त्याच पुरवणीतल्या किराण्याच्या जाहिरातींत दर ग्रॅमची किंमत एमआरपीएवढ्याच टायपात मागून घ्यावी.

कळावे,
एक ईईजी तंत्रज्ञ, पुणे