मेटलच्या मैफलीत इअरप्लग दारातच मिळावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हेवी मेटलच्या मैफलीची बातमी बहुधा वाहतूक कोंडी किंवा आवाजाची तक्रार एवढ्यापुरतीच येते. या संगीतावर जीव टाकणाऱ्यांच्या कानांचे काय होते, हे कुणी लिहीत नाही. आयोजकांनी इअरप्लग प्रवेशद्वारावर ठेवावेत आणि रसिकांनी ते लाज न बाळगता घालावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

इअरप्लग घातले की मजा गेली, हा समज आधी दूर व्हायला हवा. मेटलचा भारदस्तपणा खालच्या स्वरांत आहे. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या 17 व्या वर्षी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. प्लास्टिक वितळवून केलेल्या टोप्या बोटांवर चढवून तो पातळ तारांवर वाजवत राहिला. पुढे 1971 च्या अल्बमपासून तारांचा ताण कमी करण्यासाठी त्याने बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. गिटारची सर्वांत जाड तार एरवी सुमारे 82 हर्ट्झवर वाजते, ती अशी उतरवली की 69 वर येते. तिच्या जोडीला डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम, आला की तो मारा छातीत, फासळ्यांत आणि पायाखालच्या जमिनीत जाणवतो. घरच्या हेडफोनवर न मिळणारे सुख ते हेच, आणि इअरप्लग त्याला हातही लावत नाही.

कानाचे नुकसान होते ते वरच्या पट्टीत. झांजा आणि डिस्टॉर्शनची (गिटारच्या मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची) धार 3 ते 6 हजार हर्ट्झच्या आसपास असते, तिथेच कान सर्वांत संवेदनशील असतो आणि ऐकू येणे कमी व्हायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते. मग घरात चारचौघे बोलत असताना ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटू लागतात. कामाच्या ठिकाणांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेला हिशेब असा: 85 डेसिबलला 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 ला 15 मिनिटे, 103 ला साडेसात. मंचाजवळ एवढा आवाज सहज असतो आणि मुख्य बँड दीड-दोन तास वाजवतो. मैफलीनंतर कानाला दडे बसणे, घुंई घुंई ऐकू येणे हे कान थकल्याचे लक्षण आहे. ते पराक्रमाचे चिन्ह म्हणून मिरवू नये. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी प्रत्येक वेळी थोडी झीज मागे राहू शकते. ढोल-ताशा पथकांतल्या वादकांनाही हाच हिशेब लागू आहे.

आता घालण्याची रीत, कारण इअरप्लग निकामी ठरतात ते बहुतेक वेळा इथेच. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी, सुरकुती न पडू देता, बारीक वळून घ्यावा. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवावा. पारख सोपी आहे: दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबावेत. आवाज फारसा बदलला नाही तर प्लग नीट बसला आहे, एकदम कमी झाला तर पुन्हा घालावा. कापसाच्या बोळ्यांचा भरवसा धरू नये.

पाकिटावरचा आकडाही जसाच्या तसा खरा मानू नये. एनआरआर (आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा) 29 छापला असेल तर त्यातून 7 वजा करून उरलेल्याचे निम्मे धरावे, म्हणजे 11 डेसिबल. तेवढेही पुष्कळ आहे. 103 चे 92 होतात आणि साडेसात मिनिटांची मुदत दीड तासावर जाते. फोमची एक खोट मान्य करायला हवी: तो वरचे स्वर जास्त गिळतो, त्यामुळे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, गढूळ ऐकू येतात. नेहमी मैफलींना जाणाऱ्यांनी फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग घ्यावेत, त्यांत सगळे स्वर साधारण सारखेच उतरतात आणि गायकाचे शब्द उलट अधिक स्पष्ट लागतात. मित्राशी बोलायला मात्र प्लग काढू नयेत. 103 डेसिबलला तेवढ्या चार मिनिटांतच निम्म्याहून अधिक मुदत संपते.

उत्तम आवाज हवा असेल तर साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज नियंत्रित करणाऱ्या टेबलाच्या, आसपास उभे राहावे, कारण इंजिनिअर तिथूनच ऐकून मिक्स बसवत असतो. अगदी पहिल्या रांगेत मंचावरचे ड्रम आणि अ‍ॅम्प थेट अंगावर येतात आणि गाणे हरवते. पीएच्या, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या ध्वनियंत्रणेच्या, स्पीकरसमोर तर कुणीच थांबू नये.

मॉशपिटबद्दल, म्हणजे मंचासमोर रसिक एकमेकांना धक्के देत नाचतात त्या जागेबद्दल, थोडेसेच. कुणी पडला की धक्काबुक्की थांबवून आधी त्याला उचलायचे, हा तिथला पहिला नियम आहे आणि तो मनापासून पाळला जातो. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधाव्यात, खिळ्यांचे पट्टे घरी ठेवावेत. हेडबँगिंग (तालावर जोराने डोके हलवणे) करणाऱ्यांनी मान झुकवण्याचा पल्ला कमी ठेवावा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली आलेल्या अभ्यासात मिनिटाला सरासरी 146 ठोक्यांच्या लयीला 75 अंशांपेक्षा जास्त झोका घेतल्यास डोक्याला सौम्य इजेचा धोका दाखवला आहे. एक ठोका सोडून मान हलवली तरी रंगत तीच राहते.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात भरत असे. रुग्णालये आणि महाविद्यालय शेजारी असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ती जागा गेली. 2008 मध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला. इतक्या वर्षांत मंच, दिवे, पीए सगळे सुधारले, रसिकाच्या कानांची व्यवस्था मात्र त्याच्यावरच सोडलेली दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक दिले आहे: 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको, आवाजाचे सतत मोजमाप हवे, इअरप्लग उपलब्ध हवेत, कानांना विसावा देणारी शांत जागा हवी. यातले काहीच अवघड नाही. घाऊक दराने फोमची जोडी काही रुपयांत पडते, ती मनगटपट्ट्यासोबत देता येईल. झडती घेणाऱ्यांना इअरप्लगची डबी ओळखायला शिकवावे, म्हणजे ती नाणी-लायटरच्या टोपलीत जाणार नाही. कन्सोलवरचा डेसिबलचा आकडा लोकांना दिसेल असा लावावा. आणि साउंड चेक, म्हणजे आवाजाची आधी घ्यायची चाचणी, दारे उघडण्याआधी संपवावा. रात्री 10 ची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, पण उशिरा सुरू झालेल्या कार्यक्रमात कात्री लागते ती मुख्य बँडच्याच गाण्यांना.

आपला,
एक वाचक, पुणे