झाडं लावा, पण माळ सोडून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात आणि फोटोत मागं बघितलं तर जागा कुठली असते, तर माळ. इंदापूर, बारामती, मोहोळ, कर्जत, कुठंही बघा. ज्या रस्त्याची वडाची झाडं रुंदीकरणात गेली तिथं कोणी लावत नाही, माळावरच लावतात. कारण माळ कागदोपत्री पडीक असतो. केंद्र सरकारच्या वेस्टलँड ॲटलासमध्ये, म्हणजे पडीक जमिनींच्या नकाशावहीत पण झुडपी आणि गवताळ जमिनी त्याच यादीत टाकल्यात, मग काय, जेसीबी घाला, चर मारा, रोपं खोचा, कोण विचारतंय?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या माळावर एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) असंच झालं. सलग समतल चर खणले, म्हणजे जिथं पवन्या आणि कुसळी ही गवतं उगवायची तिथला मुरूम वर आला, आणि लावलं काय तर उंदीरमारी. त्याला गिरीपुष्प म्हटलं की छान वाटतं, पण आमची मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत आणि त्याच्या दाट सावलीत गवत मरतं. सोलापूरकडं वनखात्याने स्वतःच माळावर हे झाड लावून ठेवलंय त्यामुळे कंपनीला तरी काय बोलणार.

माळावर राहणारी जनावरं उघड्यावर जगायला शिकलेली आहेत. धाविक पक्षी सरळ खड्यांमध्ये जमिनीवर अंडी घालतो. चिंकारा आणि काळवीट लांबून धोका बघून पळतात, झाडी दाट झाली की त्यांना काही दिसत नाही. माळढोकाची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते तेही जमिनीवर, त्यामुळे आजूबाजूला झाडं वाढून कावळ्यांना बसायला जागा आणि कुत्र्यांना आडोसा मिळाला की ते एक अंडं पण गेलंच समजा. कुत्र्यांचं तर वेगळंच प्रकरण आहे, पुण्याच्या आसपास लांडगा आणि गावकुत्रं यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय.

माळढोकाचं उदाहरण तर आपल्या जिल्ह्याशेजारचंच. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, क्षेत्र ८,४९६ चौ. किमी, म्हणजे त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं पण आली. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले आणि ते वैतागणं चूक नव्हतं. नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौ. किमी केलं. पण तोपर्यंत उजनीच्या कॅनॉलने ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणला होता, विजेच्या तारा आल्या होत्या (या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर, तार ऐनवेळी चुकवता येत नाही) आणि राहिलेल्या माळावर झाडं लागली. आता देशातले बहुतेक माळढोक जैसलमेरकडं उरलेत आणि नान्नजला एखादा दिसला तर बातमी होते. सलीम अलींना हाच पक्षी राष्ट्रीय पक्षी हवा होता, १९६३ साली मान मोराला मिळाला. असो.

आता कोणी म्हणेल पूर्वी इथं जंगलच होतं, लोकांनी तोडलं, आपण परत लावतोय. हे आपण शाळेपासून ऐकतो. पण संशोधकांनी १३व्या शतकापासूनच्या ओव्या आणि जुनं मराठी साहित्य चाळून त्यातल्या वनस्पती काढल्या तर त्यात बाभूळ, तरवड असली उघड्या माळाचीच झाडं जास्त निघाली, म्हणजे इथं निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. आणि हवामान बदलासाठी झाडं पाहिजेत म्हणाल तर गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, उन्हाळ्यात वणवा लागला तर वरचं गवत जळतं पण खालचं राहतं. चर खणताना आपण नेमकी तीच माती उकरतो, आणि पावसाने ओढ दिली की वरची रोपं वाळून जातात.

राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, मग १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी असे आकडे जाहीर झाले. एवढी रोपं कुठंतरी तर लावावीच लागणार ना, आणि मोकळी जागा दिसते ती माळावरच! टार्गेट आधी ठरतं, जागा नंतर शोधतात, सगळा घोळ तिथंच आहे.

पुण्याच्या वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, पर्यटक पैसे देऊन लांडगा बघायला येतात. मग त्याच खात्याला बाकीचा माळ मोकळा का दिसतो? माझं म्हणणं एवढंच आहे की यंदा खड्डे घेण्याआधी वनखात्याच्या प्रत्येक रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात) गवताचे पट्टे कुठं आहेत ते नकाशावर दाखवावेत आणि तिथं लागवडीला परवानगी देऊ नये, सीएसआरवाल्यांना पण नाही. ज्यांनी लावायचीच आहेत त्यांना शेताचे बांध, ओढ्याचे काठ आणि हायवेच्या कडा द्या, तिथं सावली पाहिजेच आहे. आणि गवताचे पट्टे ठरवायला बसाल तेव्हा मेंढपाळांना बोलवा, त्यांना कुठलं गवत कुठं येतं ते तोंडपाठ असतं.

आपला,
एक वाचक, ता. इंदापूर